दस्त्यावरचं बोट

मी आयुष्यात एकदाही बंदूक चालवलेली नाही. तरी पांढुर्ण्यातली जुनी माणसं मला अजून ‘बंदुकवाला मिस्त्री’ म्हणतात, आणि या अंकाच्या संपादकांनीही त्याच नावाच्या भरवशावर लेख मागितला. त्यांना शिकारीचे चार किस्से हवे असतील, तर त्यांची निराशा होणार हे आधीच सांगून टाकतो. मी साधा पॉलिशवाला. कपाटं, दिवाण, देव्हारे, शाळेच्या खुर्च्या हे माझं रोजचं काम. बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं ते लाकूड, वर्षातून दहाबारा वेळा यायचा. पण माणसाला नाव पडतं ते कमी केलेल्या कामाचंच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागा, आणि बाग म्हटली की रानडुकरं आलीच. त्यांना हाकलायला बऱ्याच बागाइतदारांकडे लायसनची बंदूक असायची. तिचा वापर बहुतेक हवेत बार काढण्यापुरता, बाकी वर्षभर ती खुंटीवर. दसऱ्याला मात्र तिची पूजा व्हायची, आणि त्याआधी महिनाभर माझ्याकडे दस्त्यांची रीघ लागायची.

बंदूक दुकानात ठेवायला वेगळं लायसन लागतं. ते माझ्याकडे नव्हतं. म्हणून माझा नियम असा की नळी आणि घोडे घरी राहू द्या, लाकूड तेवढं सुटं करून इकडे आणा. एकदा ठाण्यात नवीन आलेल्या हवालदाराला दारातून तारेवर वाळत टांगलेले तीन दस्ते दिसले. तो आत शिरला आणि बाकीच्या बंदुका कुठे लपवल्या म्हणून विचारायला लागला. मी म्हटलं, ज्यांच्या त्यांच्या घरी. त्यानं कपाटामागे पाहिलं, स्पिरिटचा डबा हुंगला, आणि शेवटी आपल्या लाठीला पॉलिश मारून घेऊन गेला.

आता थोडं कामाबद्दल. चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळायची, आणि कापसाच्या बोळ्यावर मलमल गुंडाळून ती लाकडावर फिरवत राहायची. हात थांबला की तिथे डाग पडतो. तीस-चाळीस हात झाले की लाकडात तोंड दिसतं. हे कष्टाचं काम आहे, पण अवघड नाही. अवघड आहे ते आलेली चमक उतरवणं. ते मला तिगावच्या एका पाटलांनी शिकवलं, म्हणजे शिकायला भाग पाडलं.

पाटलांना दस्त्यात आपली मिशी दिसायला हवी होती. मी दाखवली. आठ दिवसांनी ते तणतणत परत आले. सकाळच्या उन्हात बंदूक उचलली, दस्ता चमकला आणि डुक्कर पळून गेलं, असं त्यांचं म्हणणं. डुक्कर चमकेनं पळालं की पाटलांच्या खोकल्यानं, देव जाणे. पण चमक काढा म्हणाले, आणि मी मोठ्या ऐटीत पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो. तासाभरात दस्त्यावर गजकर्ण उठल्यासारखे चट्टे दिसायला लागले. कुठे लाकूड उघडं पडलं, कुठे चमक तशीच.

दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. माझी बायको कुसुम आतून भांडी घासताना हे बघत होती. मोहगावची मुलगी, बोलायला फटकळ. ती म्हणाली, “कायले खरडून राहिले? विटकर घ्या, वस्त्रगाळ करा अन् तेलात फिरवा. मी नव्या पितळेची चमक अशीच मारली होती, सासूबाईंच्या शिव्या खाल्ल्या होत्या.” मला राग आला. राग ओसरल्यावर मी विटकर कुटली, तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळली, जवसाच्या तेलात कालवली आणि बनातीच्या तुकड्यानं लाकडाच्या रेषेबरोबर हळूहळू फिरवली. चमक खाली बसली. वरून मेणाचा एक हात दिला. आयुष्यभर मग मी हीच रीत वापरली, आणि कोणी विचारलं तर ती नागपुरात शिकलो असं सांगत आलो. कुसुमचं नाव आज पहिल्यांदा घेतोय.

चमक किती उतरवायची याचीही एक खूण आहे. दस्ता खिडकीसमोर धरायचा. लाकडावर खिडकीचे गज दिसले तर अजून घासायचं. गज गेले आणि नुसता उजेड उरला की थांबायचं. त्यापुढे एक हात जास्त फिरवला की लाकूड मेल्यासारखं दिसतं.

दसऱ्याला कुसुम माझ्या हत्यारांची पूजा करायची. रंधा, पटाशी, काचेच्या बरण्या सगळं पाटावर मांडून प्रत्येकाला तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट लावायची, आणि हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर मधोमध एक. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मी ते सगळं स्पिरिटनं पुसून काढायचो. तेलकट लाल रंग बोळ्याला लागला तर फिक्या लाकडाच्या कामाचा सत्यानाश होतो. ती दरवर्षी म्हणायची, “पेटीवरचं तरी राहू द्या, ते काय चावून राहिलं?” मी दरवर्षी पुसायचो. माझी पेटी नेहमी स्वच्छ असायची. त्याचा मला अभिमान होता.

आता देवरावजींची गोष्ट. मोहगावकडे त्यांची संत्र्याची बाग होती. माणूस साठीचा, उंच, कमी बोलणारा. त्यांची बायको त्या उन्हाळ्यात वारली होती. मुलगा विलास छिंदवाड्याला सरकारी नोकरीत. भाद्रपदात तो बापाच्या बंदुकीचा दस्ता घेऊन माझ्याकडे आला. बाबांचं कशात मन लागत नाही, दसऱ्यापर्यंत बंदूक नवीकोरी करून त्यांना चकित करायचं आहे, असं त्यानं सांगितलं. मुलगा भला होता. बापासाठी काहीतरी करावं, पण काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून बंदूक घेऊन आला होता.

दस्ता अक्रोडाचा, जुना, हातानं गुळगुळीत झालेला. त्यावर कधी लाखेचं पॉलिश झालंच नव्हतं, नुसतं तेल. मुठीच्या जरा मागे डाव्या बाजूला एक काळपट लाल डाग होता, चिंचोक्याएवढा. मी तो काढायला बसलो. स्पिरिटनं निघेना, सोड्यानं निघेना. शेवटी पात्यानं हलकेच खरवडत, पुन्हा धूत, दोन तास घालवले आणि लाकूड असं साफ केलं की डाग कुठे होता ते मलाही सापडेना. मग लाखेचे हात मारले. विलास न्यायला आला तेव्हा दस्त्यात त्याला आपला चेहरा दिसला आणि तो खूश होऊन गेला.

चारच दिवसांनी, दसरा आठ-दहा दिवसांवर असताना, देवरावजी स्वतः आले. सौंसरला बस बदलून, दस्ता धोतराच्या धडप्यात गुंडाळून. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “मिस्त्री, हे चमक काढा. गालाले लावली का ओळखच देत नाही.”

मी त्यांना सांगितलं की लाख पूर्ण धुऊन काढली तर लाकडातलं जुनं तेलही जाईल आणि ते पांढरं पडेल, म्हणून घासूनच उतरवू, तीन दिवस लागतील. त्यांनी मान हलवली. पण दस्ता ठेवून ते गेले नाहीत. शेवटच्या बसपर्यंत बसून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. घरी एकट्यानं बसण्यापेक्षा इथे बसणं बरं, असं ते बोलले नाहीत, पण मला ते कळत होतं. कुसुमला माहेरकडचा माणूस भेटला म्हणून आनंद. ती त्यांना काकाजी म्हणायची, चहा द्यायची, मोहगावच्या कोणाकोणाची चौकशी करायची. ते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दस्ता खिडकीसमोर धरला. गज दिसत नव्हते. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी गालाला लावून पाहिला, समाधान झालं असावं. मग त्यांचा अंगठा मुठीच्या मागे डाव्या बाजूला गेला आणि तिथेच घुटमळायला लागला.

“इथं काई होतं,” ते म्हणाले.

मी मोठ्या उत्साहानं सांगितलं की होता एक डाग, फार चिवट होता, दोन तास लागले, पण मुळासकट काढला. ते दस्त्याकडे बघत राहिले. मी वाट बघत होतो की ते काम चांगलं झालं म्हणतील.

“आमच्या घरचं बोट होतं ते,” ते म्हणाले. “लग्न झालं तवापासून दर दसऱ्याले तिथंच लावे. मी पुसत नव्हतो.”

माझ्या हातातला बनातीचा तुकडा तसाच राहिला. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हात वर केला. “तुमचं काई चुकलं नाही, मिस्त्री. तुम्हाले कोणी सांगितलं नव्हतं. अन् विलासले सांगू नका. त्यानं मायेनं केलं.” आणि दस्ता तिथेच ठेवून, उद्या येतो म्हणून ते बसला गेले.

माझी चूक मलाच दिसत होती, आणि ती कामातली चूक नव्हती, म्हणून जास्त सलत होती. डाग आला की काढायचा, एवढंच मला येत होतं. तो कोणाचा आहे हे विचारायची आमच्या धंद्यात पद्धतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला युक्ती सुचली. रंग जुळवण्यात माझा हात धरणारा पांढुर्ण्यात कोणी नव्हता. मी कुंकू लाखेत मिसळलं, त्यात काजळीचा कण टाकला, आठवेल त्या जागी, आठवेल त्या आकाराचा डाग उठवला आणि तो घासून जुना केला. मीच पाहिलं तरी फसलो असतो.

देवरावजींनी तो पाहिला. रंग बरोबर आहे म्हणाले. मग दस्ता माझ्यासमोर ठेवला.

“पण हे तुमचं हाय, मिस्त्री. काढून टाका.”

मी काढला. कुसुम दारात चहाचा कप घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी काही बोलायच्या आत ती सरळ पुढे आली आणि म्हणाली, “काकाजी, दसऱ्याले बंदूक घेऊन या. मी बोट लावून देतो. काकूचं नाही ते, माझंच राहीन. पण खोटं तं नसन नं.”

दसऱ्याला ते सकाळच्या बसनं आले, अख्खी बंदूक कापडी खोळीत आणि लायसन खिशात. कुसुमनं माझ्या हत्यारांबरोबर तिची पूजा केली आणि त्याच जागी, मुठीच्या मागे डाव्या बाजूला, बोट लावलं. त्यांनी आम्हाला सोनं दिलं, आपट्याची दोन पानं, आणि जेवून गेले. दुसऱ्या दिवशी मी माझी पेटी नेहमीसारखी पुसली.

पुढे दरवर्षी ते येत राहिले. एका वर्षी निवडणूक होती आणि सगळ्या बंदुका ठाण्यात जमा होत्या. मला वाटलं, यंदा काही ते यायचे नाहीत. आले. खोळ नाही, काही नाही. खिशातून ठाण्याची पावती काढून पाटावर ठेवली. कुसुमनं हसू दाबत त्या पावतीच्या कोपऱ्यावर बोट लावलं. बंदूक परत देताना ठाण्यातल्या मुन्शीनं त्या तेलकट डागाबद्दल त्यांची उलटतपासणी घेतली म्हणे. काकाजींना हसताना मी पाहिलं ते ही गोष्ट सांगतानाच.

सहा दसरे झाले. कुंकवावर कुंकू बसत गेलं आणि तिथे पुन्हा चिंचोक्याएवढा डाग दिसायला लागला, पहिल्यापेक्षा जरा खाली, कारण कुसुमचा हात लहान होता.

सातव्या वर्षी श्रावणात कुसुमला कावीळ झाली. नागपूरला नेली, अकरा दिवस ठेवली. ती परत आली नाही. आम्हाला मूलबाळ नव्हतं. मी दुकान उघडत होतो, बंद करत होतो. दसऱ्याला हत्यारं काढली नाहीत.

काकाजी त्या दिवशी नेहमीच्या बसनं आले. ते गावाबाहेर बागेतच राहायचे, त्यांना कळलं नव्हतं. ओट्यावर बसून त्यांनी आत हाक मारली, “काय करून राहिली, पोरी?” मला सांगावं लागलं. त्यांनी बंदूक खोळीतून काढलीच नाही. मग म्हणाले, “तुम्ही बसा. चहा मी करतो.” आत गेले, चूल म्हणजे स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला, आणि मग त्यांनी विचारलं, साखर कुठे आहे. मला माहीत नव्हतं. दोन महिने मी हॉटेलातच चहा पीत होतो. दोघांनी मिळून डबे उघडून पाहिले. एका डब्यात कुसुमनं गाळून ठेवलेली विटकर निघाली, माझ्यासाठी. मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. काकाजींनी बिनसाखरेचा चहा गाळला, आणि आम्ही तो प्यायलो.

पुढच्या वर्षी पोळा झाला आणि काकाजीही गेले. चार-सहा महिन्यांनी विलास दस्ता घेऊन आला. छिंदवाड्याला राहून बागेकडे बघणं होत नाही, बंदूक ठेवून काय करायची, लायसनवाला एक माणूस घ्यायला तयार आहे. त्याला चमक आवडते, तेव्हा मागच्यासारखी चमकवून द्या, असं म्हणाला. दस्ता माझ्या हातात देऊन तो बाजारात गेला.

मी दस्ता खिडकीशी नेला. कुसुमचं बोट तिथे होतं. मग मी काय केलं, तर हत्यारांची पेटी उजेडात ओढली आणि झाकण निरखून पाहिलं. बोटांनी चाचपलं. रंधा पाहिला, पटाशीच्या मुठी पाहिल्या, बरण्या पाहिल्या. अठरा वर्षांचा संसार, अठरा दसरे, आणि कुठे एक लाल कणसुद्धा नव्हता. मी कामात पक्का होतो. तिच्या हाताची खूण जगात एकाच ठिकाणी होती, दुसऱ्याच्या बंदुकीवर, आणि ती काढायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मी लाख लावली. तेवढी सुपारीएवढी जागा सोडून सगळीकडे तीस हात मारले. खिडकीचे गज लख्ख दिसायला लागले. विलास आला, खूश झाला, आणि मग त्याचं लक्ष डागाकडे गेलं.

“हे राहिलं नं, मिस्त्री.”

मी म्हटलं, निघत नाही.

“मागच्या वेळेस तं काढलं होतं तुम्ही.”

त्याला आठवत होतं. खरं सांगितलं असतं तर त्यानं बोट तसंच ठेवलं असतं, कदाचित बंदूकही विकली नसती. तो भला मुलगा होता. पण खरं सांगायचं तर पहिल्या डागाचंही सांगावं लागलं असतं, की तुझ्या आईच्या हाताची खूण तुझ्या हौसेपायी गेली. काकाजींनी ते सात वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि मला बजावलं होतं. मी म्हटलं, “तेव्हा वरवर होता, विलासभाऊ. आता लाकडात गेला आहे. खरवडला तर दस्ता जाईल.” हातातल्या कामाबद्दल गिऱ्हाइकाशी मी बोललेलं हे पहिलं खोटं. नखानं एक टवका उडवला असता तरी उघडं पडलं असतं.

त्यानं नखानं खरवडून पाहिलं नाही. अंगठा फिरवला, त्याच्या बापासारखाच. मग म्हणाला, जाऊ द्या, राहू द्या. आणि दस्ता कापडात गुंडाळून घेऊन गेला. ती बंदूक सिवनीकडे गेली की बैतूलकडे, मी विचारलं नाही. तिथल्या कोणा पॉलिशवाल्यानं ती पुढे हातात घेतली असेल, तर त्याला माझ्यासारखं काम येत नसावं अशी मी इच्छा करतो.

दुकान बंद करून आता बरीच वर्षं झाली. हत्यारं मात्र दिली नाहीत. दसऱ्याला ती पाटावर मांडतो आणि तेलात कुंकू कालवून माझं मीच बोट लावतो, पेटीच्या झाकणावर मधोमध. माझं बोट जाड आहे, लाखेनं चामड्यासारखं झालेलं, त्यामुळे डाग मोठा आणि वेडावाकडा पडतो. पुसत नाही.